भोसले घाट ते विकासकेंद्र : वाराणसीतील गुंतवणुकीची अडीचशे वर्षे

वाराणसीत मणिकर्णिका घाटाच्या उत्तरेस शिंदे घाट आणि संकठा घाट ओलांडल्यानंतर भोसले घाट लागतो. उंच दगडी भिंत, तीत वर बसविलेल्या लहान खिडक्या आणि खाली थेट गंगेच्या पात्रात उतरणाऱ्या पायऱ्या असे त्याचे स्वरूप आहे. नदीतून पाहणाऱ्यास तो घाटापेक्षा गढीच अधिक वाटतो. नागपूरच्या भोसले घराण्याने १७८० च्या सुमारास हा घाट बांधला आणि १७९५ च्या सुमारास त्याचे पक्के दगडी बांधकाम झाले, असे सांगितले जाते. लक्ष्मीनारायणाचे मंदिर याच परिसरात आहे.

नीती आयोगाने २०२३ मध्ये आर्थिक विकासाची केंद्रे म्हणून नियोजन करण्यासाठी देशातील चार नगरप्रदेशांची निवड केली. मुंबई महानगर प्रदेश, सुरत आणि विशाखापट्टणम या तीन बंदरांच्या प्रदेशांबरोबर चौथे नाव वाराणसीचे होते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आणि तीर्थक्षेत्र म्हणूनच सर्वपरिचित असलेल्या या शहराच्या निवडीचे अनेकांना आश्चर्य वाटले. इतिहास पाहिला असता त्यात आश्चर्य वाटण्यासारखे फारसे काही नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वाराणसी हे उत्तर हिंदुस्थानातील पैशाच्या उलाढालीचे एक प्रमुख ठिकाण होते आणि त्या उलाढालीत दक्षिणेकडून, म्हणजे पुणे, नागपूर, इंदूर आणि ग्वाल्हेर या दरबारांकडून येणाऱ्या पैशाचा वाटा मोठा होता. भोसले घाट हा त्या पैशाचा आजही उभा असलेला पुरावा आहे.

सत्ता नसलेल्या शहरात गुंतवणूक

काशी आणि प्रयाग ही क्षेत्रे आपल्या अधिकारात यावीत यासाठी पेशव्यांनी वारंवार प्रयत्न केले, परंतु काशी मराठ्यांच्या ताब्यात कधीच आली नाही. हा प्रदेश अवधच्या नवाबाकडे होता. प्रत्यक्ष कारभार बनारसचे राजे पाहत असत. १७७५ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. १७८१ मध्ये राजा चेतसिंह आणि गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यांच्यातील संघर्ष शिवाला घाटावरील वाड्यात पेटला आणि त्यानंतर कंपनीची पकड अधिक घट्ट झाली.

नेमक्या याच काळात मराठी सरदारांची बांधकामे वेगाने उभी राहत होती. अहिल्याबाई होळकर यांनी काशी विश्वनाथाचे विद्यमान मंदिर १७८० च्या सुमारास पूर्ण केले. नागपूरकरांच्या घाटाचा काळही तोच. त्या वेळी पुणे दरबार आणि कंपनी यांच्यात पहिले इंग्रज-मराठा युद्ध (१७७५ ते १७८२) सुरू होते आणि नागपूरकरांनी बंगालवर चालून जाऊ नये म्हणून हेस्टिंग्ज त्यांना पैसे देऊन तटस्थ ठेवण्याच्या खटपटीत होता. एकीकडे तलवार आणि तह, दुसरीकडे कंपनीच्याच अधिकाराखालील शहरात दगडी घाट, असा हा व्यवहार होता. त्या काळच्या मनाला त्यात विसंगती जाणवली नसावी.

नागपूरकरांकडे पैसा कोठून येत होता, हेही पाहिले पाहिजे. १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दी खान याच्याशी झालेल्या तहानुसार वर्षाला १२ लाख रुपये चौथाई ठरली आणि ओडिशा भोसल्यांच्या अमलाखाली आले. वऱ्हाड आणि नागपूरच्या काळ्या जमिनीतील कापसाचा महसूल वेगळाच. १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक प्रांत गेला आणि दुसरे रघोजी भोसले आर्थिक अडचणीत आले. त्यानंतर वसुलीत त्यांनी इतकी कठोरता दाखविली की प्रजा त्यांना 'मोठा बनिया' म्हणू लागली. घाट बांधला गेला तो त्याआधीच्या, भरभराटीच्या काळात.

हुंडी, बट्टा आणि कापूस

नागपूरहून वाराणसीस लाखो रुपये रोख नेणे धोक्याचे होते. वाटेत जंगले होती, लुटारू होते आणि प्रत्येक प्रांताचे नाणे वेगळे होते. त्यामुळे रक्कम हुंडीने जाई. नागपूरच्या सावकाराकडे पैसे भरायचे, त्याने वाराणसीतील पेढीच्या नावे चिठ्ठी द्यायची आणि ती दाखविताच किंवा ठरलेल्या मुदतीनंतर तेथे रक्कम मिळायची. या सेवेबद्दल हुंडणावळ आकारली जाई. नाणे बदलताना बट्टा कापला जाई. गोपालदास मनोहरदास यांच्यासारख्या वाराणसीच्या पेढ्या कंपनीच्याही रकमा एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात पाठवीत असत. शहरातील प्रमुख महाजनांची 'नौपट्टी' नावाची मंडळी होती आणि व्यापारी तंट्यांत तिचा शब्द मानला जाई.

हुंडीचा व्यवहार एकाच दिशेने चालत नाही. वाराणसीच्या पेढीने नागपूरकरांसाठी पैसे दिले, तर त्याची भरपाई होण्याकरिता उलट दिशेने मालाची किंवा पैशाची ये-जा असावी लागते. ती गरज बव्हंशी कापसाने भागविली. वऱ्हाडातला कापूस लमाणांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवर लादून अमरावती, नागपूर, जबलपूरमार्गे सुमारे ८०० किलोमीटरवरील मिर्झापूरला जात असे. वाराणसीच्या वरच्या अंगाला, गंगेकाठी असलेली मिर्झापूरची पेठ ही त्या काळी कापसाची मोठी बाजारपेठ होती. तेथून माल होड्यांनी बंगालकडे उतरे. ज्या वाटेने कापूस आला त्याच वाटेने यात्रेकरू, दक्षिणेसाठी निघालेले भिक्षुक, फौजेचे कासीद आणि पेढ्यांची पत्रे जात. पुढे इंग्रजांनी या वाटेवर पक्का रस्ता केला. तो मिर्झापूरहून नागपूरकडे जाणारा 'ग्रेट डेक्कन रोड' म्हणून ओळखला गेला. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ वाराणसीतून निघून मिर्झापूर, रेवा, जबलपूर, नागपूर असा कन्याकुमारीपर्यंत जात असे. २०१० मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलले आणि हा सलग मार्ग कागदावर विभागला गेला. जमिनीवरची वाट मात्र तीच आहे.

घाटांसाठी लागणारा दगड प्रामुख्याने चुनारच्या खाणींतून येई. चुनार नदीच्या वरच्या अंगास असल्याने दगड होडीतून प्रवाहाबरोबर खाली आणता येत असे. पाथरवट, होडीवाले, चुना भाजणारे, गवंडी आणि नंतर मंदिरांतील पूजक, अन्नछत्रातील आचारी अशा अनेकांच्या उपजीविकेचा एका घाटाशी संबंध येई. उत्तर पेशवाईत शहरात येऊन राहिलेल्या सरदारांमुळे ही मागणी आणखी वाढली. पेशव्यांच्या घराण्यातील अमृतराव यांनी भोसले घाटाजवळील गणेश घाटाचे बांधकाम १८०७ च्या सुमारास केले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचा घाट १८३० च्या सुमाराचा. बायजाबाई स्वतः सावकारी व्यवहारात मुरलेल्या होत्या. परंतु त्यांचा घाट इतका भव्य आणि जड झाला की तो स्वतःच्याच वजनाने खचला. तेथील कललेले रत्नेश्वर मंदिर आज पर्यटकांचे आकर्षण आहे. उतावळ्या बांधकामाचे ते जुने उदाहरण मानता येईल.

जेम्स प्रिन्सेप हे १८२० ते १८३० या काळात बनारसच्या टांकसाळीत अधिकारी होते. त्यांनी १८२८-२९ च्या सुमारास केलेल्या गणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ८० हजार भरली. लोकसंख्येचे हे प्रमाण त्या काळच्या हिंदुस्थानात मोठ्या नगराचे होते.

ओहोटी

भरभराटीचे हे चक्र एका आघाताने नव्हे, तर थोड्याथोडक्या बदलांनी मंदावले. १८३० मध्ये बनारसची टांकसाळ बंद झाली. १८३५ मध्ये कंपनीने आपल्या सर्व प्रांतांत एकच रुपया लागू केला, त्यामुळे नाणे बदलून बट्टा मिळविणाऱ्या सराफांचा एक आधार गेला. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे वळू लागला होताच. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई व कोलकाता लोहमार्गाने जोडले गेले. बैलांचे तांडे थांबले. मिर्झापूरच्या कापूसपेठेचे महत्त्व त्याबरोबर संपले.

नागपूरचे राज्य त्याआधीच गेले होते. तिसरे रघोजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि लॉर्ड डलहौसी यांनी १८५४ मध्ये राज्य खालसा केले. राजवाड्यातील हत्ती, घोडे आणि जडजवाहीर यांचा लिलाव झाला. काशीतील घाटाची डागडुजी ज्या महसुलातून होऊ शकली असती, तो महसूलच आता कंपनीच्या तिजोरीत जाऊ लागला. अहिल्याबाईंची पुण्याई मोठी आणि त्यांनी काही धर्मकृत्यांसाठी स्वतंत्र खासगी उत्पन्न नेमून ठेवले होते, म्हणून त्यांची व्यवस्था अधिक काळ टिकली. इतर अनेक घाटांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही.

मराठी माणूस मात्र शहरात राहिला. ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. 'आज' या १९२० मध्ये सुरू झालेल्या हिंदी दैनिकाचे विख्यात संपादक बाबूराव विष्णु पराडकर हे वाराणसीतील मराठी घराण्यातलेच होते. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा जन्मही याच शहरातला.

स्वातंत्र्यानंतर वाराणसीत झालेली मोठी औद्योगिक गुंतवणूक सरकारी होती. डिझेल रेल्वे इंजिन कारखान्याची कोनशिला १९५६ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली आणि जानेवारी १९६४ मध्ये तेथील पहिले इंजिन बाहेर पडले. २०२० मध्ये कारखान्याचे नाव बनारस रेल्वे इंजिन कारखाना असे बदलण्यात आले. खासगी क्षेत्रात विणकाम हाच मुख्य व्यवसाय राहिला.

नवी गुंतवणूक

२०१४ नंतर वाराणसीकडे येणाऱ्या सार्वजनिक निधीचा ओघ वाढला. हे शहर पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचा लोकसभा मतदारसंघ असल्याने तसे होणे स्वाभाविक होते, परंतु तेवढ्यावरून प्रकल्पांचे मूल्यमापन करता येणार नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या स्मार्ट शहरांच्या यादीत वाराणसीबरोबर नागपूरचेही नाव होते. १२ नोव्हेंबर २०१८ रोजी रामनगर येथे गंगेवरील बहुवाहतूक टर्मिनलचे उद्‌घाटन झाले आणि कोलकात्याहून आलेले कंटेनर तेथे उतरविण्यात आले. हल्दिया ते प्रयागराज हा १,६२० किलोमीटरचा जलमार्ग १९८६ मध्येच राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ म्हणून घोषित झाला होता. म्हणजे घोषणा आणि टर्मिनल यांत ३२ वर्षांचे अंतर पडले. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी देशातील पहिली वंदे भारत एक्स्प्रेस दिल्ली-वाराणसी मार्गावर धावली.

सर्वाधिक चर्चा झाली ती काशी विश्वनाथ धाम प्रकल्पाची. ८ मार्च २०१९ रोजी त्याची कोनशिला बसविण्यात आली आणि १३ डिसेंबर २०२१ रोजी पहिल्या टप्प्याचे लोकार्पण झाले. या टप्प्यावर सुमारे ३३९ कोटी रुपये खर्च झाले. पूर्वी जेमतेम ३ हजार चौरस फुटांत कोंडलेला मंदिर परिसर सुमारे ५ लाख चौरस फुटांचा झाला. त्यासाठी ३०० हून अधिक मालमत्ता संपादित करण्यात आल्या आणि त्या पाडताना ४० पेक्षा जास्त जुनी मंदिरे प्रकाशात आली. धामात अहिल्याबाईंचा पुतळा उभारण्यात आला आहे. भाविकांची सोय वाढली, हे निर्विवाद. गल्ल्यांतील जुनी वस्ती आणि तिच्यावर चालणारी लहान दुकाने गेली, हेही तितकेच खरे. मोबदला घरमालकास मिळतो. भाडेकरूचा आणि ओट्यावर बसून हार विकणाऱ्याचा प्रश्न अशा प्रत्येक प्रकल्पात अधिक अवघड असतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑक्टोबर २०२४ रोजी वाराणसी ते पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन या मार्गावर गंगेवर नवा रेल्वे-रस्ता पूल बांधण्यासह २,६४२ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. वरील बाजूस सहा पदरी रस्ता आणि खाली चार लोहमार्ग असे त्याचे स्वरूप ठरविण्यात आले. सध्याचा मालवीय पूल १८८७ मधील आहे.

विकासकेंद्र म्हणजे काय

नीती आयोगाच्या संकल्पनेनुसार विकासकेंद्राची हद्द महापालिकेच्या सीमेशी थांबत नाही. शहराभोवतीचे जिल्हे, तेथील उद्योग, शेतमाल, वाहतूक आणि शिक्षण यांचा एकत्रित आर्थिक आराखडा करावयाचा असतो. मुंबई महानगर प्रदेशाचा असा आराखडा २०२४ मध्ये मांडण्यात आला. प्रदेशाची अर्थव्यवस्था १४० अब्ज डॉलरवरून २०३० पर्यंत ३०० अब्ज डॉलरवर नेण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. वाराणसीच्या बाबतीत विचार केला असता चंदौलीचा तांदूळ, भदोही आणि मिर्झापूरचे गालिचे, सोनभद्रची वीज आणि वाराणसीचे रेशीम हे सर्व एका प्रदेशात येते. २०११ च्या जनगणनेनुसार वाराणसी नागरी समूहाची लोकसंख्या सुमारे १४ लाख ३२ हजार होती. मुंबईशी तिची तुलना होऊ शकत नाही. त्यामुळे या प्रदेशाचे बळ शहराच्या आकारात शोधण्यापेक्षा भोवतालच्या जिल्ह्यांशी असलेल्या जोडणीत शोधावे लागते. अठराव्या शतकात मिर्झापूरशिवाय काशीच्या पेढ्या चालल्या नसत्या, ही गोष्ट येथे आठवते.

पैसा उभा करण्याची पद्धतही बदलत आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १ लाख कोटी रुपयांच्या नागरी आव्हान निधीची घोषणा झाली. शहरांना विकासकेंद्रे बनविणे हा त्याचा एक हेतू आहे. प्रकल्पखर्चाच्या जास्तीत जास्त २५ टक्के रक्कम केंद्र देणार, किमान ५० टक्के रक्कम रोखे, बँकांचे कर्ज किंवा खासगी भागीदारीतून उभारावी लागणार, अशी त्याची रचना आहे. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे रोखे विकले होते. लखनौ महापालिकेचेही २०० कोटींचे रोखे २०२० मध्ये मुंबई शेअर बाजारात नोंदले गेले. रोख्यावर व्याज देण्यासाठी नियमित उत्पन्न लागते. मालमत्ता कर आणि पाणीपट्टी नीट वसूल न करणाऱ्या शहराला रोखेधारक मिळणे कठीण असते. हुंडी स्वीकारताना पूर्वीचे सावकारही समोरच्या पेढीची पत आधी तपासत असत.

विणकरांचा प्रश्न या आराखड्यांत सर्वांत गुंतागुंतीचा आहे. बनारसी जरीकाम आणि साड्यांना २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि वाराणसीसह सहा जिल्ह्यांतील उत्पादनाला ते नाव लावण्याचा हक्क प्राप्त झाला. तथापि यंत्रमागावर विणलेली, बनारसी नक्षीची नक्कल असलेली स्वस्त साडी बाजारात सहज मिळते आणि तिचा मोठा पुरवठा सुरतेतून होतो. सुरत हेही विकासकेंद्रांच्या त्याच यादीत आहे. एका केंद्राची वाढ दुसऱ्या केंद्राच्या मागावर येऊन आदळते, याचा हिशेब स्वतंत्रपणे केलेल्या आराखड्यांत कसा मांडायचा, हे नियोजनकर्त्यांना सोडवावे लागेल.

नावाड्यांची स्थितीही अशीच आहे. घाटांवर नाव चालविण्याचा हक्क अनेक निषाद कुटुंबांत परंपरेने चालत आला आहे. त्यांच्या डिझेल होड्यांना सीएनजी इंजिने बसविण्याची योजना राबविण्यात आली आणि त्यासाठी नमो घाटावर तरंगते सीएनजी केंद्र सुरू झाले. धूर आणि आवाज कमी करणारा हा बदल उपयुक्त आहे. मोठ्या क्रूझ नौकांना मात्र नावाड्यांनी वेळोवेळी विरोध केला आहे, कारण दोघांचे गिऱ्हाईक एकच.

देखभालीचा खर्च

गंगा कृती योजनेचा प्रारंभ १४ जून १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते वाराणसीच्याच घाटावर झाला होता. नमामि गंगे या २०१४ मधील कार्यक्रमाची मूळ तरतूद २० हजार कोटी रुपयांची होती. दीनापूर येथे दररोज १४ कोटी लिटर सांडपाण्यावर प्रक्रिया करणारे केंद्र नोव्हेंबर २०१८ मध्ये कार्यान्वित झाले. अशा केंद्रांच्या उभारणीस केंद्राचा निधी मिळतो. ती दिवसरात्र चालू ठेवण्यासाठी लागणारी वीज, रसायने आणि कर्मचारी यांचा खर्च मात्र दरवर्षी करावा लागतो. जुलै २०२३ मध्ये मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या दोन स्मशानघाटांच्या पुनर्विकासाची कोनशिला बसविण्यात आली, तेथेही पुढे हाच प्रश्न येईल.

भोसले घाटाला याची सवय आहे. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. पावसाळ्यात शहरातील ८४ घाटांपैकी बहुतेकांचा परस्परांशी संपर्क तुटतो आणि नावा बांधून ठेवाव्या लागतात. भाद्रपदात पाणी उतरू लागले की पायऱ्यांवर गाळाचा जाड थर राहतो. तो ओला असतानाच पंपाने पाण्याचा झोत मारून पुन्हा नदीत ढकलावा लागतो. वाळला तर कुदळीने फोडावा लागतो आणि खर्च वाढतो. नागपूरच्या दरबाराकडून त्यासाठी पैसे येणे १८५४ मध्येच थांबले. घाटांच्या सफाईचे काम आता महापालिकेकडे आहे आणि देवदीपावलीच्या आत, कार्तिक पौर्णिमेपूर्वी, सर्व पायऱ्या मोकळ्या कराव्या लागतात.